अप्पांचा कच्चा आलेख

"पंखो लाव गो, घामान भिजलंय."

मे महिन्यातली दुपार. लालबागच्या चाळीतली आमची दहा बाय बाराची खोली. लोखंडी पलंगावर अप्पा उघडे आडवे झालेले, त्यांच्या छातीला तीन इलेक्ट्रोड चिकटवलेले, आणि मी खाली लादीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. पंखा मीच बंद केला होता. पंखा, ट्यूबलाइटचा जुना चोक आणि पलंगाखालून फ्रिजकडे गेलेली वायर, ही तिन्ही चालू असली की स्क्रीनवरची बारीक रेष सुतळीसारखी जाड व्हायची आणि त्या सुतळीत अप्पांच्या हृदयाचे छोटे उंचवटे पार बुडून जायचे.

अप्पांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला. त्यानंतर तब्येत चांगली होती, पण गेल्या वर्षी होळीनंतर त्यांना पहाटे धडधड व्हायला लागली. कधी आठवड्याने, कधी पंधरा दिवसांनी. दहा-पंधरा मिनिटं छातीत कोणी पळत असल्यासारखं वाटायचं, मग आपोआप थांबायचं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं शांत. ईसीजी नॉर्मल. चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून ठोके नोंदवणारं यंत्र, लावला, तर नेमकं त्या दिवशी काहीच झालं नाही.

मी अकरा वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. डिजिटल फिल्टरचं, म्हणजे संकेतातली नको ती खरखर गणिताने गाळण्याचं, प्रॅक्टिकल माझ्याकडेच असतं. वडिलांच्या छातीत काय चाललंय ते पकडण्याचं निम्मं सामान आपल्या डोक्यात आहे आणि आपण ते फक्त परीक्षेच्या पेपरात वापरतोय, हे मला सहन होईना. लॅमिंग्टन रोडवरून हृदयाचा संकेत मोजणाऱ्या एडी८२३२ या चिपचा छोटा बोर्ड आणला, आकडे वायफायने पाठवणारा एक ईएसपी३२ बोर्ड आणला, आणि डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "लावा, पण त्यावरून औषधं बदलू नका. जे दिसेल ते मला दाखवा." कोणी असं काही करणार असेल तर एक गोष्ट आधीच सांगते. हे बोर्ड बसवलेली आमची डबी फक्त बॅटरीवर चालते आणि लॅपटॉपला डेटा वायफायने जातो. माणसाच्या छातीला लावलेली वायर कुठल्याही मार्गाने भिंतीतल्या प्लगपर्यंत पोहोचता कामा नये.

आता रेष जाड करणाऱ्या या खरखरीबद्दल. छातीवर मिळणारा हृदयाचा सर्वांत उंच सुळका, म्हणजे आर लहर, साधारण १ मिलिव्होल्टची असते. पेन्सिल सेलचा दीड व्होल्ट घेतला तर त्याचा दीड हजारावा भाग. त्याआधी येणारी, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची पी लहर तर त्याच्याही दहाव्या-पाचव्या हिश्श्याची, आणि अप्पांच्या बाबतीत मला खरं तर तीच पाहायची होती. उलट, कातडी आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये जो स्थिर व्होल्टेज तयार होतो तो ३०० मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो. त्यात श्वासाबरोबर आख्खी रेष वरखाली डोलते. मिनिटाला पंधरा श्वास म्हणजे सेकंदाला पाव, म्हणजेच ०.२५ हर्ट्झ. आणि या सगळ्यावर घरातल्या विजेचे ५० हर्ट्झ.

माझा पहिला संशय लोकलवर होता. आमच्या गॅलरीतून करी रोडचे रूळ दिसतात. मुंबईच्या लोकल पूर्वी १,५०० व्होल्ट डीसीवर धावायच्या, आता २५,००० व्होल्ट एसीवर धावतात आणि तीही ५० हर्ट्झचीच. म्हणून मी शेवटची लोकल गेल्यानंतर, रात्री दोनला मोजून पाहिलं. खरखर तेवढीच. मग ट्यूबलाइट बंद केली, पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढला, फ्रिजची वायर दुसऱ्या बाजूने नेली आणि बराचसा निकाल तिथेच लागला. बाकीचा आईने लावला. इलेक्ट्रोडच्या तीन वायरी तीन दिशांनी लोंबत होत्या, त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून विजेचं चुंबकीय क्षेत्र शिरत होतं. मी तिला म्हटलं की या एकत्र पिळायला हव्यात. माझ्या लहानपणी ती माझ्या केसांची घालायची तशी तिने वायरींची तिपेडी वेणी घातली, टोकाला रबरबँड लावलं, आणि खरखर अर्ध्याहून खाली आली.

तिसरा इलेक्ट्रोड उजव्या बाजूला खाली असतो. तो मोजत काहीच नाही. उरलेल्या दोन्ही ठिकाणी सारखीच येणारी खरखर उलटी करून तो शरीरात परत सोडतो, म्हणजे शरीरावरच ती बरीचशी विझते. प्रोग्राम लिहायच्या आधी एवढं करून घ्यायलाच हवं. मुलांना मी आता हेच आधी शिकवते, कारण मी स्वतः एक आठवडा उलट्या टोकापासून सुरुवात केली होती.

त्यानंतर फिल्टर. मी सेकंदाला २५० नमुने घेत होते, म्हणजे दर ४ मिलिसेकंदाला एक आकडा. ५० हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंदांची, म्हणजे बरोबर पाच नमुन्यांची. लागोपाठच्या पाच आकड्यांची सरासरी काढली की लाटेचा वरचा भाग आणि खालचा भाग एकमेकांना फेडतात आणि ५० हर्ट्झ शून्य होतं. सातवीतल्या मुलालाही हातावर करता येईल असा हा फिल्टर आहे. पहिल्यांदा लावला तेव्हा सुतळीतून रेष बाहेर आली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण आर सुळका बुटका झाला होता. सरासरीला खरखर आणि हृदय यांतला फरक कळत नाही. जे झटकन बदलतं ते सगळंच ती दाबते. बरोबर २५ हर्ट्झचा भाग या सरासरीतून जेमतेम पासष्ट टक्के शिल्लक राहतो.

म्हणून नॉच फिल्टर, फक्त ५० हर्ट्झपुरती खाच पाडणारा. त्याचं गणित मला फार आवडतं. आत्ताचा नमुना घ्या, मागच्या नमुन्याची ०.६१८ पट त्यातून वजा करा आणि त्याच्याही मागचा नमुना मिळवा. निव्वळ ५० हर्ट्झची लाट असेल तर उत्तर नेहमी शून्य. हा ०.६१८ म्हणजे सुवर्ण गुणोत्तरातला आकडा, पंचकोनात भेटणारा. २५० हे ५० च्या पाचपट असल्यामुळे लाट प्रत्येक नमुन्यात ७२ अंश पुढे सरकते आणि पंचकोन आपोआप येतो. नमुने सेकंदाला ३६० घेतले असते तर हा योग जुळला नसता.

नुसतं एवढं केलं तर खाच फार रुंद पडते, म्हणून मागच्या उत्तरांचाही थोडा भाग परत आत द्यावा लागतो. त्याने खाच अरुंद होते, १ हर्ट्झइतकीही करता येते. पण अरुंद खाचेचा फिल्टर घंटेसारखा वागतो. आर सुळक्याचा टोला बसला की तो सेकंदाच्या तिसऱ्या भागापेक्षाही जास्त वेळ घुमत राहतो आणि सुळक्यामागच्या सपाट भागावर बारीक लहरी उमटवतो. त्या लहरी अप्पांच्या नाहीत, माझ्या फिल्टरच्या. पहिल्या दिवशी मला हे ओळखता आलं नव्हतं.

लोकांना वाटतं की तत्काळ फिल्टर करायचं म्हणजे वेगाचं काम. माझ्या दीडदमडीच्या बोर्डालासुद्धा ४ मिलिसेकंदांत लाखो गोष्टी करता येतात. वेग कधीच कमी पडला नाही. अडचण अशी की पुढचा नमुना अजून आलेला नसतो. साठवलेली नोंद असेल तर तोच फिल्टर एकदा पुढून आणि एकदा मागून फिरवता येतो, म्हणजे आकाराची ओढाताण दोन्ही बाजूंनी सारखी होऊन फिटते. पलंगावर माणूस झोपलेला असताना मागून फिरायला मागची बाजूच नसते. जेवढं थांबाल तेवढं चांगलं गाळता येईल, आणि जेवढं थांबाल तेवढी स्क्रीन हृदयाच्या मागे राहील.

आषाढात एका रात्री याची किंमत मोजली. श्वासाने डोलणारी रेष स्थिर करायला मी ०.५ हर्ट्झच्या खालचं सगळं कापणारा फिल्टर प्रोग्राममध्ये टाकला होता. बोर्डावर तसाच एक आधीपासून होता, हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असूनही माझ्या ध्यानात राहिलं नाही. रात्री दीडला अप्पा म्हणाले की जरा अस्वस्थ वाटतंय. डबी लावली. एसटीचा भाग, म्हणजे सुळक्यानंतरचा जो सपाट पट्टा हृदयाच्या रक्तपुरवठ्याबद्दल बोलतो, तो दीड मिलिमीटर खाली गेलेला. १ मिलिमीटर घसरण म्हणजे धोक्याची खूण, एवढं मला माहीत होतं. स्टेंट डोळ्यांपुढे आला. बाहेर धो धो पाऊस, नाक्यावर टॅक्सी मिळाली, आईने अप्पांना शालीत गुंडाळलं. रस्त्यात मी त्यांचा हात सोडला नाही.

रुग्णालयात ईसीजी काढला, रक्त तपासलं, तीन तासांनी पुन्हा तपासलं. काही नव्हतं. ॲसिडिटी. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टर बाईंनी माझा लॅपटॉप शांतपणे पाहिला आणि विचारलं, "ही घसरण बाबांच्या हृदयात आहे की तुमच्या फिल्टरमध्ये, हे तुम्हाला सांगता येईल का?"

मला सांगता आलं नाही.

घरी येऊन मी कागदावर हिशोब केला. ०.५ हर्ट्झचा साधा फिल्टर सुळक्याखालचं जेवढं क्षेत्रफळ आत घेतो तेवढं नंतर खाली ढकलून परत करतो. १ मिलिव्होल्ट उंच आणि ८० मिलिसेकंद रुंद त्रिकोण धरला तर ही घसरण एक मिलिमीटरहून जास्त भरते (ईसीजीच्या कागदावर १ मिलिव्होल्ट म्हणजे १० मिलिमीटर). माझ्याकडे असे दोन फिल्टर एकामागे एक होते. म्हणजे जिने आम्हाला त्या पावसात बाहेर काढलं ती घसरण मीच तयार केली होती. याच कारणाने निदानासाठीच्या ईसीजीत खालची मर्यादा ०.०५ हर्ट्झपर्यंत नेतात आणि वरची १५० हर्ट्झपर्यंत. ०.५ ते ४० हा पट्टा फक्त मॉनिटरसाठी, ठोके दिसावेत म्हणून. रुग्णालयातल्या ईसीजीच्या कागदावर तळाशी बारीक अक्षरांत हे आकडे छापलेले असतात. मी आयुष्यात ते कधी वाचले नव्हते. तुमच्या घरच्या फाइलमध्ये एखादा ईसीजी असेल तर काढून बघा.

त्या दिवसांत मी आइंटहोव्हेनबद्दल वाचत होते. नेदरलँड्समधल्या लायडनचा हा माणूस, १९२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याला ईसीजीसाठी मिळालं. १८९५ च्या सुमाराला त्याच्याकडे जे यंत्र होतं ते पाऱ्याच्या बारीक नळीचं, आणि फार सुस्त. हृदय झटका द्यायचं, पारा मागून रमतगमत यायचा. मग त्याने यंत्राची सुस्ती मोजली आणि गणिताने ती आलेखातून काढून टाकली. कागद-पेन्सिलीवर केलेला तो फिल्टरच होता. यंत्राने काढलेल्या मूळ रेषेतल्या लहरींना ए, बी, सी, डी अशी नावं होती. दुरुस्त रेषेला त्याने वेगळी अक्षरं दिली, पी, क्यू, आर, एस, टी. आज जगभरातले डॉक्टर जी अक्षरं वापरतात ती दुरुस्त रेषेची आहेत. मला भिडलं ते हे की त्याने दोन रेषांना दोन वेगळी नावं दिली. मी मात्र मूळ रेष साठवतच नव्हते. नमुना आला, फिल्टरमधून गेला, मूळ आकडा पुसला गेला.

श्रावणात सगळं नव्याने बांधलं. २४ बिटांची एडीएस१२९२आर चिप घेतली. ती इतकी बारीक मोजते की ३०० मिलिव्होल्टच्या स्थिर ओझ्यासकट मिलिव्होल्टचे शंभरावे भागही दिसतात आणि आधी काही कापावं लागत नाही. चिपकडून आलेला प्रत्येक आकडा जसाच्या तसा कार्डावर लिहायचा. तिथून पुढे दोन वाटा. एक डोळ्यांसाठी, सौम्य गाळलेली, कोपऱ्यात तिचे आकडे लिहिलेले. दुसरी फक्त ठोके मोजण्यासाठी.

मोजण्याच्या वाटेला मी पॅन आणि टॉम्पकिन्स या अभियंत्यांची ठोके शोधण्याची १९८५ ची पद्धत लावली. झेड८० सारख्या आजच्या मानाने अगदी दुबळ्या प्रोसेसरवर चालावी म्हणून त्यांनी ती पूर्णांकांत बसवली होती. साधारण ५ ते १५ हर्ट्झचा पट्टा ठेवायचा, उतार काढायचा, त्याचा वर्ग करायचा, मग १५० मिलिसेकंदांच्या खिडकीत बेरीज. यात लहरीचा आकार पूर्ण मोडतो, आणि मोडू द्यायचा असतो, कारण इथे प्रश्न एवढाच की ठोका पडला की नाही. आधी ही वाट मी बॉस्टनच्या एमआयटी-बीआयएच या ईसीजींच्या प्रसिद्ध संग्रहावर चालवून पाहिली, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी. तिथे माझा ५० हर्ट्झचा नॉच काहीच काम करेना. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, हे आठवायला मला एक पूर्ण संध्याकाळ लागली.

अप्पांना मी ही पद्धत समजावून सांगितली तेव्हा ते उठून बसले. ते गिरणीत साचे खात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते, १९८२ च्या संपापर्यंत. शेकडो साचे एकाच वेळी धडधडायचे, शेजारी उभ्या माणसाशी खुणांनी बोलावं लागायचं. "पण माझ्या साच्याचो आवाज माका कळायचो," ते म्हणाले. "धोटो जरा अडखळलो तरी पाठमोरो असताना कळायचा." धोटा म्हणजे साच्यात आडवा धागा नेणारा. बाकीचे आवाज कमी होत नसत. आपल्या साच्याचा ताल कानात पक्का बसलेला असायचा, एवढंच. पॅन-टॉम्पकिन्स हेच करतो.

स्नायूंची खरखर मात्र कुठल्याच फिल्टरने सुटली नाही. हात आवळला, दात चावले, थंडी वाजली की जी खरखर येते ती २० हर्ट्झच्या आसपास सुरू होऊन वर पसरते आणि आर सुळक्याचे चढउतारही त्याच भागात असतात. वारंवारतेवरून वेगळं करायचं म्हटलं तर दोघांचा पत्ता एकच. हाताचा कंप ४ ते ६ हर्ट्झचा असला तर तो मिनिटाला तीनशे वेगाच्या ॲट्रियल फ्लटरसारखा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या जलद फडफडीसारखा दिसतो, कारण ३०० म्हणजे सेकंदाला पाचच. इथे उपाय माणसाकडेच होता. इलेक्ट्रोड हातांच्या स्नायूंपासून दूर, खांद्याखाली आणले, हाताखाली उशी दिली, पंखा लावला.

एक मोह होता, तोही सांगते. शंभर ठोके एकावर एक नीट ठेवून सरासरी काढली की खरखर दहाव्या हिश्श्यावर येते. मी ते केलं आणि असा देखणा ठोका मिळाला की पुस्तकात छापावा. पी लहर अगदी स्पष्ट. तीन दिवस मी स्क्रीनवर तोच ठेवला. मग लक्षात आलं की शंभरातला एखादा ठोका वेगळा असेल तर या सरासरीत तो शंभरावा भाग होऊन नाहीसा होईल, आणि मी शोधत होते तो वेगळाच ठोका. सरासरी काढून टाकली.

गणपतीच्या पाचव्या दिवशी, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी अप्पांनी मला हलवून उठवलं. "आता धावता बघ." गॅलरीच्या कठड्याला दिव्यांच्या माळा होत्या, रेष जाड येत होती, पण ठोके मोजणारी वाट नीट चालत होती. दोन ठोक्यांमधलं अंतर ६१० मिलिसेकंद, मग ४४०, मग ७२०, मग ३९०. कुठलाच ताल नाही. अकरा मिनिटांनी ते ८२० वर येऊन थांबलं आणि पुन्हा एकसारखं झालं.

सकाळी डॉक्टरांकडे गेले. गाळलेली रेष दाखवली तर त्यांनी विचारलं, "कच्ची आहे का?" होती. घरी बसून, आता मागून फिरायला मागची बाजू होती म्हणून, मी तीच नोंद दोन्ही दिशांनी गाळून छापून आणली होती, आणि शेजारी न गाळलेली. अनियमित ठोके, पी लहर गायब, तिच्या जागी बारीक थरथर. आणि अकराव्या मिनिटानंतर पी परत जागेवर. डॉक्टरांनी त्या कागदावर निदान केलं नाही. त्यांनी सात दिवसांचा मॉनिटर लावला आणि त्यात असा आणखी एक झटका सापडला. ॲट्रियल फिब्रिलेशन, येऊन-जाऊन होणारं. हृदयाचा वरचा कप्पा असा थरथरतो तेव्हा त्यात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर लकवा. म्हणून रक्त पातळ ठेवण्याची गोळी सुरू केली.

सध्या मी डबीत हालचाल मोजणारा सेन्सर बसवतेय. १९७५ मध्ये बर्नार्ड विड्रो हे अभियंते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की खरखरीची वेगळी नोंद हाताशी असेल तर फिल्टर स्वतःला शिकवत ती वजा करू शकतो. पोटातल्या बाळाचे ठोके टिपायला त्यांनी आईच्याच हृदयाचा विद्युत संकेत खरखर म्हणून वजा केला होता. मला अप्पांची पावलं वजा करायची आहेत. काल ते डबी खिशात घालून जिना चढले. पहिल्या मजल्यापर्यंत फिल्टर शिकत होता, दुसऱ्यावर रेष बऱ्यापैकी बसली, आणि मधल्या कट्ट्यावर शेजारच्या काकू भेटल्या म्हणून अप्पा थांबले तेव्हा तो पुन्हा भरकटला. नोंद कार्डावर आहे, कच्चीच. आज रात्री बसते.